सिल्व्हर वॅगन आरचा फेंडर घरी रंगवायचा आहे: गंज, लांबी आणि पावसाआधीचे दिवस

वाशिष्ठीकाठ

गाडी २०१४ ची वॅगन आर, रंग सिल्की सिल्व्हर, कोड झेड-२-एस. उजव्या बाजूच्या पुढच्या फेंडरचं काम आहे. चाकाच्या कमानीवर फाटक घासून वीतभर ओरखडा आलाय, त्यात मधे पत्रा उघडा पडलाय आणि तळहाताएवढा चेप आहे, खोली तीन-चार मिमी. दुसरं म्हणजे खालच्या कोपऱ्यात, दरवाज्याला लागून, रंगाखाली फुगे आलेत. नखाने दाबले की तपकिरी भुगा पडतो.

हाताशी आहे ते असं: २४ लिटरचा कॉम्प्रेसर, १.४ मिमी नोझलची साधी गन, बंद होणारी शेड, आणि मे अखेरपर्यंतचे रविवार. गाव चिपळूण, त्यामुळे हवेचं सांगायला नको.

विचारायचं आहे ते हे. गंज किती खोलवर खरवडायचा? लांबी (पत्र्यातला खड्डा भरायची पुट्टी) कोरडी घासायची की पाणी मारून? सिल्व्हरचा शेड जुळतो का, की पॅच दिसणारच? आणि गनऐवजी स्प्रे कॅनने भागेल का?

---

ठोकळा

आधी खालच्या कोपऱ्याचं बघा, ओरखड्याचं नंतर. ओरखड्यातला गंज बाहेरून आत जातो, तो दिसतो तेवढाच असतो. खालच्या कोपऱ्यातला गंज आतून बाहेर येतो. चाकाने उडवलेली लाल माती फेंडर आणि उंबरठ्याच्या पत्र्यामधल्या फटीत साठते, पावसाळाभर ओली राहते आणि पत्रा आतून खाते. बाहेर फुगा दिसतो तोवर आतलं बरंच काम झालेलं असतं.

चाक काढा, मडगार्डच्या आतलं प्लास्टिक क्लिपा आणि स्क्रू काढून बाजूला करा, माती पाण्याने धुवा, दोन दिवस वाळू द्या. मग टोकदार स्क्रूड्रायव्हरने फुग्यांच्या जागी आतून-बाहेरून टोचून बघा. टोक आरपार गेलं तर त्या जागी लांबी भरण्यात अर्थ नाही. पुढच्या पावसाळ्यात ती खपलीसारखी सुटून येईल.

टोक आरपार जात नसेल तर ८० नंबरच्या पेपरने किंवा ड्रिलला तारेचा ब्रश लावून पत्रा पांढरा होईपर्यंत घासा. फुग्याच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर पुढेपर्यंत जा, कारण गंज रंगाखाली पसरलेला असतो. तरी पत्र्यात बारीक काळे ठिपके उरतात. त्यांच्यासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंजनाशक लावा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, ब्रशने घासा, पाण्याने पूर्ण धुऊन लगेच हीट गनने वाळवा. आम्लाचा अंश राहिला तर वरची लांबी नीट पिकत नाही आणि चिकटतही नाही.

आता क्रम. बहुतेक ठिकाणी उघड्या पत्र्यावर थेट लांबी भरतात. कोकणात तसं करू नका. पत्रा साफ झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात मारा, रात्रभर ठेवा, १८० च्या पेपरने खरखरीत करा आणि लांबी त्यावर भरा. लांबीत टाल्कची पूड असते, ती ओल शोषते. खाली इपॉक्सी असेल तर ती ओल पत्र्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: लांबी कोरडीच घासायची. बादलीतलं पाणी मारून घासली की धूळ उडत नाही आणि हात भरभर चालतो, म्हणून सर्रास तसं करतात. पण ते पाणी लांबीत मुरतं, वर प्रायमर आणि रंग बसतो, आणि गाडी उन्हात तापली की त्याच पाण्याचे फोड येतात. पाणी लावायचं ते फक्त प्रायमरवर आणि शेवटी क्लिअरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर.

चेप आधी ठोकून शक्य तितका वर आणा. बाहेरून लाकडाचा ठोकळा धरा, आतून रबरी हातोडीने हळूहळू. स्टीलची पट्टी आडवी धरून पाहिलं की खड्डा दोन मिमीच्या आत असावा. उरलेलं लांबीचं काम. लांबी जाड भरली की ती कालांतराने तडकते, आणि कमानीच्या कडेला तर चाकाच्या हादऱ्यानेच सुटते.

लांबी कालवताना १०० ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर. वाटाण्याएवढा, बोराएवढा असल्या मापांवर जाऊ नका, दागिने तोलायचा छोटा काटा वापरा. हार्डनर जास्त झाला की लांबी लवकर पिकते खरी, पण न वापरला गेलेला पेरॉक्साइड नंतर वर झिरपतो आणि रंगावर पिवळट डाग उठतो. काळ्या गाडीवर तो कळत नाही, सिल्व्हरवर हमखास दिसतो. कमी झाला तर लांबी रबरासारखी राहते आणि पेपर भरून जातो. कालवायला काच किंवा जुनी टाइल घ्या. पुठ्ठा नको, तो लांबीतला पातळ अंश शोषून घेतो. पीठ मळल्यासारखं दाबून कालवा, फेटू नका, फेटलं की हवा शिरते आणि घासताना टाचणीएवढी भोकं उघडी पडतात. लाल हार्डनर असेल तर सगळीकडे एकसारखा फिकट गुलाबी रंग यायला हवा. रेघा दिसल्या तर अजून कालवा. ३० अंशाला हातात चार-पाच मिनिटं मिळतात, म्हणून एका वेळी लिंबाएवढीच घ्या. पहिला थर पातळ आणि जोर देऊन ओढायचा, म्हणजे खरवड्यांत शिरतो. दुसरा भरायचा.

अर्ध्या तासाने ठोकळ्यावर ८० चा पेपर लावून तिरके हात मारा, मग १२०, मग १८०. बोटांनी पेपर धरून घासलं की बोटांच्या जागी चर पडतात आणि रंग चकाकला की ते उठून दिसतात. काळ्या स्प्रे कॅनची हलकी फवारणी अधूनमधून करा. जिथे काळं राहतं तो खड्डा, जिथे लगेच पत्रा उघडा पडतो तो उंचवटा. डोळ्यांपेक्षा तळहात जास्त सांगतो: पातळ सुती कापड हाताखाली घ्या, डोळे मिटा आणि पंजा सपाट ठेवून लांब फिरवा.

ओरखड्याच्या कडा उतरत्या करायच्या. नीट उतरवल्या की थर खोडातल्या वर्तुळांसारखे वेगवेगळे दिसतात: वर क्लिअर, मग सिल्व्हर, मग राखाडी प्रायमर, मग ईडी कोट (कारखान्यात पत्र्यावर विजेने बसवलेलं गंजरोधक अस्तर), मधे पत्रा. प्रत्येक वर्तुळ निदान पाच-सहा मिमी रुंद हवं. नख फिरवलं आणि कुठे अडलं तर ती पायरी रंगानंतर दिसणारच.

मग सगळं ३२० ने घासून टू-के (हार्डनर मिसळून पिकणाऱ्या) प्रायमर सरफेसरचे तीन हात, दोन हातांत दहा-दहा मिनिटं, आणि रात्रभर वाळवण. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी फवारणी, पाणी मारून ६००, शेवटी ८००. पांढऱ्यासारख्या साध्या रंगाला ६०० वर थांबलं तरी चालतं. सिल्व्हरमधले ॲल्युमिनियमचे कण पेपरच्या रेघांत रांगेने बसतात आणि रेघ उघडी करतात, म्हणून ८००. घासताना कुठे पत्रा दिसला तर तिथे पुन्हा प्रायमर. "एवढ्याशाने काय होतंय" म्हणून सोडलेला तो ठिपकाच दोन वर्षांनी फुगतो.

एक चाचणी सुरुवातीलाच करा. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं जुन्या रंगावर मिनिटभर दाबून धरा. कारखान्याचा रंग हलत नाही. रंग चिकट होऊन फडक्याला आला तर फेंडर आधी कधीतरी हलक्या रंगाने रंगवलेला आहे. त्यावर नवा रंग मारला की खालचा थर उचलला जाऊन मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात.

---

शेडकार्ड

शेडबद्दल. झेड-२-एस कोड सांगून डबा आणला म्हणजे रंग जुळला असं धरू नका. दहा वर्षं उन्हात राहिलेला सिल्व्हर आणि आज बनवलेला सिल्व्हर यांत फरक असतो. शिवाय एकाच कोडच्या बारीक आवृत्त्या असतात. कुठे कण भरड, कुठे झाक किंचित निळसर. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून रंग बनवणाऱ्या दुकानात न्या. नेण्याआधी ते रबिंग कंपाउंडने उजळवा, नाहीतर दुकानदार तुमच्या मळाशी रंग जुळवेल. त्याला रंग पत्र्याच्या तुकड्यावर फवारून, वर क्लिअर मारून दाखवायला सांगा. डब्यात बुडवलेल्या काडीवर सिल्व्हर कधीच खरा दिसत नाही. तो तुकडा सकाळच्या उन्हात गाडीला लावून आधी समोरून पाहा, मग बाजूने तिरकं पाहा. समोरून जुळणारा सिल्व्हर तिरक्या नजरेला काळपट किंवा पांढुरका दिसू शकतो.

एवढं करूनही फेंडर आणि दरवाजा शेजारी ठेवल्यावर थोडा फरक राहतो. धातूचा कण रंगात कसा पडतो ते गनच्या अंतरावर, हवेच्या दाबावर आणि थिनरच्या वेगावर ठरतं. ओला, जाड हात मारला की कण खोल बुडतात आणि रंग गडद दिसतो. लांबून, कोरडा मारला की कण वर राहतात आणि फिकट दिसतो. म्हणून सिल्व्हरमध्ये फक्त फेंडर रंगवून थांबायचं नसतं. शेजारच्या दरवाज्याच्या पुढच्या वीतभर भागात रंग विरवत न्यायचा आणि क्लिअर पूर्ण दरवाज्यावर मारायचं. असं केलं की फरक एका रेघेवर न राहता वीतभर पसरतो, आणि डोळ्याला तो पकडता येत नाही.

क्लिअर मात्र दरवाज्याच्या मधे विरवू नका. विरवलेली कड आज पॉलिशने लपते, वर्ष-दोन वर्षांत तिथून पापुद्रा निघायला लागतो. क्लिअर पत्र्याच्या कडेपाशीच संपवायचं.

स्प्रे कॅनबद्दल: दुकानात तुमचाच जुळवलेला रंग कॅनमध्ये भरून मिळत असेल तर बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) कॅनने मारायला हरकत नाही, फेंडरला ४०० मिलीचे दोन लागतील. वन-के (हार्डनर नसलेल्या) क्लिअरचा कॅन मात्र या कामाला माझ्या मते चुकीचा. ते नुसतं वाळतं, पिकत नाही. पेट्रोलचा थेंब पडला की मऊ होतं आणि उन्हाने लवकर मंद पडतं.

---

मोकळी_हवा

टू-के क्लिअरची शिफारस येण्याआधी त्याची दुसरी बाजू वाचा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा तुषार श्वासात गेला की कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येतो. साध्या एन-९५ मास्कने वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफांचं काडतूस आणि कणांचा फिल्टर असा जोड असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क ही खालची पायरी. दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. आणि आयसोसायनेटला जाणवेल असा वास नसल्याने काडतूस संपलं तरी कळत नाही. खरी सोय म्हणजे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क, तो घरी कुणाकडे नसतो. म्हणून मास्क असला तरी नवं, सीलबंद काडतूस, डोळ्यांना बंद चष्मा, नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि शेडमध्ये दुसरं कुणीही नको. फवारणी झाल्यावर तासभर आत जाऊ नका. घरात कुणाला दमा असेल तर टू-के घरी फवारूच नका.

शेड "बंद होणारी" आहे म्हणता, पण बंद शेडमध्ये थिनरची वाफ जमिनीलगत साठते. फ्रिज, इन्व्हर्टर, स्कूटर, देवापुढचा दिवा, शेजारच्या भिंतीपलीकडचा गॅस गीझर हे सगळं आधी बघा. साध्या पंख्याची मोटर ठिणगी टाकू शकते, तो वाफेच्या वाटेत लावू नका. एक दार पूर्ण उघडं, समोरची खिडकी उघडी, आणि दारावर ओलं सुती कापड टांगलं तर धूळ आणि चिलटं अडतात. फरशीवर पाणी मारा. शेजाऱ्यांची गाडी वाऱ्याच्या दिशेला असेल तर तीही हलवायला सांगा, क्लिअरचा तुषार बराच लांब जाऊन बसतो.

हवेबद्दल. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २६ अंशाला असतो. रात्रभर शेडमध्ये राहिलेला पत्रा पहाटे तेवढाच थंड असतो, म्हणजे त्यावर डोळ्याला न दिसणारा ओलावा बसलेला असतो. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम हवा. म्हणून सकाळी सातला सुरू करू नका. दहाच्या सुमारास, पत्रा हाताला कोमट लागल्यावर. दुपारचं थेट ऊनही नको: वरचा थर आधी सुकतो, खालचं थिनर अडकतं आणि मग बारीक छिद्रं पाडत बाहेर येतं. छोटा आर्द्रतामापक आणा, तो ७५ टक्क्यांच्या वर गेला तर त्या रविवारी फक्त घासकाम करा. दमट हवेत जलद थिनर वापरलं तर ते उडताना पत्रा थंड करतं, हवेतली ओल रंगात उतरते आणि दुधी झाक येते. मंद थिनर मागा.

हार्डनरचा डबा एकदा उघडला की हवेतल्या ओलीने खराब होत जातो. आतला द्रव गढूळ किंवा दाट दिसला तर फेकून द्या. लहान डबाच आणा.

---

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे प्लास्टिक काढून माती धुतली. खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर दोन ठिकाणी आरपार गेला, एक भोक बोटाच्या पेराएवढं आहे. थिनरच्या फडक्याला सिल्व्हर आला, म्हणजे फेंडर आधी रंगवलेला. कमानीवर चुंबक नीट धरत नाही, तिथे जुनी लांबी असावी. दरवाज्यावर मात्र फडकं स्वच्छ राहिलं. आता पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्यावा का?

---

दहाचा_पाना

वेल्डिंगच्या फंदात पडू नका. पुढचा फेंडर बोल्टवर असतो, तो अख्खा निघतो. गंजलेला पत्रा कापणं, तुकडा जोडणं, जुनी लांबी आणि जुना रंग पूर्ण उतरवणं या मेहनतीत नवा फेंडर बसवून होतो. आणि वेल्डच्या मागच्या बाजूला पुन्हा गंज धरतो तो वेगळाच.

बोल्ट बॉनेटखाली वरच्या कडेला, दार उघडल्यावर खांबापाशी, खाली उंबरठ्याला आणि पुढे बंपरच्या कोपऱ्यापाशी असतात. बहुतेकांना १० चा पाना लागतो. बंपरचा तो कोपरा सैल करावा लागेल. फेंडरवर साइड इंडिकेटर असेल तर त्याची वायर आधी सोडवा. खालचे बोल्ट गंजून अडकलेले असणार, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पण ते तेल दरवाज्यावर उडू देऊ नका, तिथे रंग घ्यायचा आहे. काढण्यापूर्वी वायसरभोवती मार्करने खूण करा आणि बॉनेटशी, दरवाज्याशी किती फट आहे ते डाव्या बाजूशी ताडून लिहून ठेवा.

नवा फेंडर रंगवण्याआधी बसवून बघा. बाजारातले काही फेंडर कमानीच्या वळणात किंवा दरवाज्याच्या कडेला जुळत नाहीत, आणि रंगवलेला फेंडर दुकानदार परत घेत नाही. बसवल्यावर बॉनेट पहिल्यांदा अगदी हळू, हाताने धरून बंद करा, कोपरा आपटला तर नवाच पत्रा दुमडतो.

फेंडर काळ्या थरात येतो. त्यावरही थिनरचं फडकं मिनिटभर धरा. हललं नाही तर तो ईडी कोट, तो तसाच ठेवा, कारखान्याइतकं गंजरोधक अस्तर घरी लागत नाही. काळं फडक्याला आलं तर तो फक्त वाहतुकीसाठी मारलेला रंग आहे, पूर्ण उतरवून इपॉक्सी मारा. ईडी कोट ४०० च्या पेपरने नुसता मंद करा, कडांवर लाल स्कॉचब्राइट (खरखरीत घासणी) वापरा, म्हणजे पत्रा उघडा पडत नाही. लांबीची गरजच नाही.

आतल्या बाजूचं काम विसरू नका, सगळा मुद्दा तिथूनच सुरू झाला. आतून रंगाचा एक हात, कमानीच्या आत दगड-चिखलाला टिकणारं रबरी अस्तर, आणि गाडीला बसवून रंग पिकल्यावर खालच्या फटीत पोकळीत मारायचं मेण. हे मेण रंगकामानंतरच, आधी मारलं तर रंगाला डोळे (बारीक गोल खळगे) पडतात. दर पावसाळ्यानंतर प्लास्टिक सोडून माती धुवा.

---

ठोकळा

मग काम निम्म्याने सोपं झालं. आता नव्या फेंडरसाठी आणि दरवाज्यासाठी सांगतो.

आधी फेंडर सुटा असतानाच त्याच्या कडा, बॉनेटखालची पट्टी आणि दाराच्या फटीत दिसणारा भाग बेस आणि क्लिअर मारून पूर्ण करून घ्या. रात्रभर वाळू द्या, मग फेंडर गाडीला बसवा आणि बाहेरचा दर्शनी भाग दरवाज्यासोबत एकदम रंगवा. सिल्व्हर सुटा, आडवा ठेवून रंगवला तर कण वेगळे पडतात आणि गाडीवर उभा केल्यावर शेड वेगळा दिसतो.

फेंडरवर प्रायमर सरफेसरचे दोन हात, मिळून २०० ते २५० मिली पुरे. ८०० पर्यंत ओलं घासा. दरवाजा: हँडल आणि पट्ट्या काढता आल्या तर काढा, रंग विरवायच्या वीतभर भागात १००० चा ओला पेपर, बाकी दरवाज्याला राखाडी स्कॉचब्राइट. कुठेही चकाकी राहिली तर क्लिअर तिथून सुटेल, कडा आणि हँडलच्या खळग्यात खास बघा.

सफाई दोन फडक्यांनी. एकाने वॅक्स-ग्रीस रिमूव्हर लावायचा, तो सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचा. सुकू दिला की तेल जागच्या जागी परत बसतं. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका, दोन्ही मागे तेलकट पापुद्रा ठेवतात. डॅशबोर्ड आणि टायर चमकवायच्या बहुतेक फवाऱ्यांत सिलिकॉन असतं, त्या दिवशी ते शेडमध्ये आणूच नका. केसांना खोबरेल लावून तोच हात पत्र्याला लागला तरी रंगात गोल डोळे पडतात, म्हणून टोपी आणि हातमोजे. त्यानंतर मास्किंग, आणि अगदी शेवटी टॅक कापडाचा (धूळ टिपणाऱ्या चिकट कापडाचा) हलका हात.

२४ लिटरच्या टाकीची अडचण खरी आहे. दरवाज्याचा एक लांब हात संपेपर्यंत दाब उतरतो आणि क्लिअर दाणेदार पडतं. एका दिवसासाठी १०० लिटरच्या वरचा कॉम्प्रेसर भाड्याने आणा. टाकीतलं पाणी खालच्या चावीतून सोडून घ्या, गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावा. तुमच्या हवेत तासाभरात पाणी जमतं. १.४ चं नोझल बेस आणि क्लिअर दोन्हीला चालेल. दाब चाप ओढलेला असताना गनपाशी २५ ते ३० पीएसआय, अंतर १५ ते २० सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. मनगट वळवू नका, अख्खा हात पत्र्याला समांतर न्या, आणि चाप पत्र्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडा.

बेसमध्ये थिनर डब्यावरच्या प्रमाणात, तयार रंग साधारण ४०० मिली लागेल. दर वेळी ओतण्याआधी डबा तळापासून ढवळा, कण तळाशी बसतात. पहिला हात मध्यम, फक्त फेंडरवर. दहा-पंधरा मिनिटांनी तो पूर्ण मंद दिसला की दुसरा, दरवाज्यावर चार बोटं. तिसरा, दरवाज्यावर वीतभर. शेवटी गन अजून अर्ध्या वीतेने मागे घेऊन, हलका, जवळजवळ कोरडा हात सगळ्यावर, हा कण एकसारखे पसरवतो. हा सोडला की सिल्व्हरमध्ये ढगांसारखे गडद-फिकट पट्टे दिसतात, आणि ते क्लिअर मारल्यावर लपत नाहीत, उलट उठतात.

बेसवर कचरा बसला तर वाळल्यावर १००० च्या पेपरने नुसता टिपा, त्या जागी बेसचा हलका हात द्या. सिल्व्हर घासून थेट क्लिअर मारलं तर घासलेली जागा काळी दिसते.

क्लिअर दोनास एक असेल तर ३०० मिलीला १५० हार्डनर, थिनर डब्यावर सांगितलं असेल तेवढंच. फेंडर आणि दरवाज्याला दोन हात त्यात होतात. पहिला हात पातळ पण सलग, दहा मिनिटांनी कडेला मास्किंगवर बोट लावून बघा. चिकट लागलं पण तार सुटली नाही की दुसरा ओला हात. ओला म्हणजे गनमागे लगेच काचेसारखं सपाट होणारा. दाणेदार दिसला तर हात जलद किंवा गन लांब, पत्र्यावर हलताना दिसला तर उलटं.

---

शेडकार्ड

ओघळ आलाच तर ओलं असताना हात लावू नका, कापसाने टिपायलाही नको. दोन दिवस पिकू द्या, मग छोट्या कडक ठोकळ्यावर १५०० चा पेपर लावून फक्त ओघळाचा उंचवटा उतरवा, आजूबाजूला टेप लावून. क्लिअर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतं, कागदाच्या जाडीच्या निम्मं. संत्र्याच्या सालीसारखा पोत घालवताना ते किती लवकर संपतं ते लक्षात येत नाही. २००० आणि ३००० ने ओलं घासा, पाण्यात दोन थेंब भांडी घासायचा साबण. घासलेलं पाणी दुधी दिसतं तोवर तुम्ही क्लिअरमध्ये आहात. राखाडी झालं की बेस लागला, मग पुन्हा सगळं क्लिअर. कडांवर आणि दरवाज्याच्या उभ्या घडीवर मशिन चालवू नका, तिथे हातानेच.

कारखान्याच्या दरवाज्यावरही थोडी साल असते. ती पाहून नवा फेंडर तेवढाच ठेवा. आरशासारखा सपाट केलेला एकच फेंडर गाडीवर वेगळा उठून दिसतो. कंपाउंड निदान दोन दिवसांनी, वॅक्स महिनाभर नको.

---

वाशिष्ठीकाठ

नवा फेंडर मागवतो आहे. एकच शंका उरली. मोकळी_हवा यांचं वाचल्यावर टू-के शेडमध्ये फवारायची हिंमत होत नाही, घरात आईला दमा आहे. प्रायमरपर्यंत घरी करून बेस-क्लिअर बूथ असलेल्या गॅरेजकडे दिलं तर ते घेतात का?

---

मोकळी_हवा

मग टू-के घरी नकोच, आणि प्रायमर सरफेसरही टू-के असतो, त्यातही तेच हार्डनर. घरी करायचं ते हे: जुना फेंडर काढणं, नवा बसवून फटी जुळवणं, ईडी कोट आणि दरवाजा मंद करणं, हँडल-पट्ट्या सोडवणं. पेपर ओलाच चालवा, म्हणजे कोरडी धूळ घरात येणार नाही. गॅरेज आधी ठरवा आणि हे सगळं करण्यापूर्वी त्यांना विचारा. काही जण दुसऱ्याच्या तयारीवर रंग मारायला तयार नसतात, कारण रंग सुटला तर बोल त्यांना लागतो. सुट्या फेंडरच्या ईडी कोटवर त्यांचा आक्षेप सहसा नसतो, तिथे खाली काय आहे ते त्यांना दिसतं. त्यांच्याकडून तीन गोष्टी बोलून घ्या: आतल्या कडा आधी सुट्या रंगवणार, रंग दरवाज्यावर विरवणार, आणि क्लिअर दरवाज्याच्या शेवटच्या कडेपर्यंत नेणार. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उजळवून सोबत द्या. जूनचा पहिला आठवडा लागण्याआधी गाडी परत हवी असेल तर मेच्या मध्याच्या आत नंबर लावा, पावसाआधी सगळ्यांचीच गर्दी असते.